दोघांनी करायची तपासणी

संगमेश गेल्याचा फोन आला तेव्हा मी हुमनाबादच्या आमच्या ऑफिसात एकटाच होतो आणि समोरच्या स्क्रीनवर सगळ्या तपासण्या हिरव्या दिसत होत्या. हिरवं म्हणजे सगळं ठीक. फोन त्याच्या बायकोचा, महादेवीवहिनींचा. "भाऊजी, तुमचे दोस्त गेले," एवढंच म्हणाल्या... मी "बरं" म्हणालो. अशा बातमीला कुणी "बरं" म्हणतं का? पण म्हणालो खरा. त्याला आता काही आठवडे लोटले. ऑफिस चालू आहे, फक्त दिवसभर बोलायला कुणी नाही.

आम्ही दोघं बीदरच्या इंजिनियरिंग कॉलेजातले. मी भालकीचा, तो हुमनाबादजवळच्या निर्णा गावचा. घरात कन्नड, बाजारात मराठी आणि भांडताना दखनी उर्दू, असा त्याचा कारभार. शिक्षण झाल्यावर बरोबरीचे सगळे पुण्या-हैदराबादला पळाले. आम्ही हायवेलगत एका टायरच्या दुकानावर खोली घेतली आणि खासगी बसगाड्यांच्या तिकिटांचं सॉफ्टवेअर करू लागलो. मी लिहायचो, तो तपासायचा. तपासायचा म्हणजे छळायचा. कधी चिडका प्रवासी व्हायचा, कधी अख्ख्या वऱ्हाडाची तिकिटं एकाच नावावर काढायचा, कधी तिकीट रद्द करून पुन्हा तीच सीट मागायचा. "गिऱ्हाईक तुझ्यासारखं शहाणं नसतंय," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

काम वाढलं तसा मी ऑटोमेटेड टेस्टिंगचा हट्ट धरला. आपण हातानं जी बटणं दाबून बघतो ती एका प्रोग्रामनं दाबायची आणि उत्तर बरोबर आलं का ते त्यानंच सांगायचं. हैदराबादहून एक विक्रेता येऊन ते दाखवूनही गेला. स्क्रीनवर आपोआप नावं उमटायला लागली तसा मी भाळलोच. संगमेशनं चहा संपवला आणि विचारलं, "चुकलं हे त्याला कसं कळतंय?" विक्रेता म्हणाला, बरोबर काय ते आधी तुम्ही सांगायचं. "मग आधी आम्हाला तर कळू द्या की," असं म्हणून त्यानं त्याची बोळवण केली. मी दोन दिवस रुसलो. शेवटी थोड्याच तपासण्या मशीनला देऊन बघायचं ठरलं.

आणि तिथंच आम्ही दोघं फसलो. हैदराबादहून रात्री सुटणारी गाडी हुमनाबादला येते मध्यरात्र उलटल्यावर. म्हणायची शनिवारची गाडी, पण कॅलेंडरात रविवार लागलेला. आम्ही तिकिटावर रविवार छापला, मशीनलाही तेच बरोबर म्हणून शिकवलं आणि मशीननं ते हिरवं केलं. लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला निघालेलं एक म्हातारं जोडपं रविवारी रात्री जेवूनखाऊन, पिशव्या घेऊन स्टँडवर आलं. त्यांची गाडी आदल्या रात्रीच गेलेली. काउंटरवरून फोन आला तसं संगमेशनं जाऊन त्यांना निर्ण्याला आपल्या घरी नेलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः गाडीत बसवून दिलं. परत आला तेव्हा चिडलेला नव्हता. "मशीन खोटं बोललं न्हाई," म्हणाला. "आपण शिकवलं तेच बोललं. आपल्याकडं रात झोपून उठल्यावर संपतीय, बाराला न्हाई."

त्यानंतर तो भालकीच्या, हुमनाबादच्या काउंटरवर जाऊन नुसता बसू लागला. लोक तिकीट कसं काढतात ते बघायचा. जे पुन्हा पुन्हा तसंच करावं लागतं आणि सहसा बदलत नाही, तेवढंच मशीनकडे द्यायचा. स्क्रीनवरचं एखादं बटण जागचं हललं तरी तपासणी मोडते आणि ती नीट करायला माणूसच लागतो, हेही त्यानंच आधी ओळखलं. हळूहळू भाडं, रद्द तिकिटं, परतावा, सगळं मशीनवर गेलं. एक तपासणी मात्र त्यानं दिली नाही. दोन काउंटरवरून एकाच क्षणी एकच सीट मागितली तर ती एकालाच मिळते ना, ही. त्यासाठी आम्ही समोरासमोर बसायचो. तो कन्नडमध्ये मोजायचा, "ओंदु, एरडु, मूरु," आणि मूरुला दोघांनी एकदम बटण दाबायचं. पठ्ठ्या मूरु तोंडातून निघायच्या आधीच दाबायचा. सीट कायम त्याची. वर मला म्हणायचा, "बस आता टपावर."

"हे बी मशीनला देऊ की," मी एकदा म्हणालो.

"न्हाई. हे राहू दे."

"कामून?"

"हे दिलं की तू भालकीला घरी बसून काम करतो म्हणशील. मग मी इथं येऊन कुणाचं तोंड बघू?"

मग त्याची किडनी बिघडली, डायलिसिस सुरू झालं आणि निर्ण्याहून येणं थांबलं. तरी ही तपासणी आम्ही फोनवर चालू ठेवली. तो अंथरुणात लॅपटॉप घेऊन, मी इथं. शेवटच्या वेळी त्यानं मूरु म्हटलं, मी दाबलं आणि पहिल्यांदाच सीट मला मिळाली. फसवलंस म्हणेल म्हणून मी वाट बघत राहिलो... "बोट उचलंना झालंय बघ," तो म्हणाला. मी उसाच्या गाड्यांनी रस्ता कसा अडलाय ते सांगत बसलो.

गेल्या आठवड्यात उदगीरचं नवं काउंटर सुरू करायचं होतं आणि ही तपासणी केल्याशिवाय ते करता येत नव्हतं. मी दोन लॅपटॉप पुढ्यात ओढले, दोन बटणांवर दोन बोटं ठेवली, मोजलं आणि दाबलं. पुन्हा केलं. पण एकाच माणसाची दोन बोटं, ती एकमेकांना सांभाळून घेतात, खरी चढाओढ होतच नाही. एवढ्या भरवशावर तिकिटं विकली असती तर एका सीटसाठी दोन घरची माणसं हायवेवर भांडत उभी राहिली असती. ते संगमेशला कधीच चाललं नसतं. म्हणून मी प्रोग्राम लिहायला घेतला. चहा निवायच्या आत तो लिहूनही झाला. इतकं ते सोपं होतं. हे त्याला माहीत होतं आणि मलाही. प्रोग्रामनं दोन्हीकडून एकाच क्षणी सीट मागितली, एकाला मिळाली, तपासणी हिरवी झाली.

मी उदगीरला फोन करून सुरू करा म्हणून सांगितलं. आता या ऑफिसात दोघांनी मिळून करावं असं एकही काम उरलेलं नाही. आहे ते सगळं घरूनही होईल. तरी रोज सकाळी मी भालकीहून हुमनाबादची बस धरतो, जिना चढून कुलूप काढतो आणि त्याच्या खुर्चीकडे तोंड करून बसतो.