लंकाबाईंचा डोळ्यांचा तक्ता

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरची गोष्ट. सिन्नरच्या पुढे आमच्या गावात सरकारी दवाखाना होता आणि त्याची खरी मालकीण होती लंकाबाई नर्स. डॉक्टर आठवड्यातून तीनदा यायचे. बाई रोज नाशिकहून दोन एसट्या बदलून हजर. मी गोटीराम, कंपाउंडर. मिक्स्चर ढवळायचं, केसपेपर लिहायचे आणि बाईंची बोलणी खायची, ही माझी कामं.

बायका यायच्या, पण वयात आलेली पोर दवाखान्याची पायरी चढेल तर शपथ! चढलीच, तर पारावरची रिकामटेकडी मंडळी संध्याकाळपर्यंत तिचे दिवस मोजून मोकळी. त्यामुळे पोटदुखी, खाज, पांढरं जाणं, सगळं पोरी मुकाट अंगावर काढायच्या. बाईंचं डोकं फिरायचं. "गोटीराम, शेळी खोकली तरी हे लोक तिला दाखवायला नेतात, आणि पोरीला?"

मग एका शनिवारी बाईंनी मागच्या खोलीत डोळे तपासायचा तक्ता टांगला आणि शाळेत सांगून आल्या, मोठ्या मुलींची डोळेतपासणी. डोळ्यांना कोण नाही म्हणणार? मुली एकेक करून आत जायच्या. दोन ओळी वाचून झाल्या की बाई दार लोटून हळूच विचारायच्या: पाळी वेळेवर येते का, कुठं दुखतं-खुपतं का, कुणी त्रास देतं का? केसपेपरवर मी सगळ्यांच्या नावापुढे एकच लिहायचो, 'डोळे'. खरं सांगतो, दुसरं काही लिहायची मलाच लाज वाटायची.

त्यात एकदा रंगूबाई आपल्या मैनाला घेऊन आली. पोर नववीत, हुशार. तीन महिने पाळी नव्हती. आईच्या तोंडचं पाणी पळालेलं आणि बापाने, म्हणजे जयरामने, बोभाटा व्हायच्या आत उरकून टाकू म्हणून बिजवराचं स्थळही बघून ठेवलेलं. शाळा बंद, पुढच्या महिन्यात लग्न.

बाईंनी आईला बाहेर बसवलं, पोरीशी एकटीशी बोलल्या, तपासलं. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, तर पांढरीफटक. मग आईला आत घेतलं. "अगं, तुला वाटतं तसलं काही नाही. अंगात रक्तच नाही पोरीच्या. गोळ्या दे, पालेभाजी दे, आणि भावाच्या आधी हिला वाढ!"

सोमवारी जयराम मी 'डोळे' लिहिलेला मैनाचा केसपेपर घेऊन तरातरा आला. "बाई, माझी पोर सुईत दोरा ओवती. डोळे चांगले हायेत तिचे, मग ह्या गोळ्या कशाच्या?"

बाईंनी त्याला खुर्ची दिली आणि मला म्हणाल्या, "गोटीराम, सुया उकळायला घाल." सुया मघाशीच उकळलेल्या. तरी गेलो बापडा. पंधरा मिनिटांनी जयराम मान खाली घालून बाहेर पडला आणि थेट घराकडे निघून गेला. मी म्हटलं, झालं! आता गावभर होणार आणि शनिवारी काळं कुत्रं फिरकणार नाही.

पण काहीच झालं नाही. स्थळ मोडलं. गोळ्या घरी जात राहिल्या आणि अडीच महिन्यांनी रंगूबाई कोथिंबिरीची भलीमोठी जुडी बाईंच्या टेबलावर ठेवून रडली-हसली एकदमच. जूनमध्ये मैना दहावीच्या वर्गात जाऊन बसली.

त्याच महिन्यात एका शनिवारी जयराम धाकट्या लेकीला, चतुराला घेऊन आला. बाकावर सात-आठ माणसं. त्यात पुंजाराम, गावचा एक नंबरचा चौकस. "काय जयरामभाऊ, धाकटीचे बी डोळे गेले का?"

मीही सवयीने पेन उचललं. "डोळेच लिहू ना?"

"नाय," जयराम म्हणाला. बाकावरच्या सगळ्यांना ऐकू गेलं. "डोळे बेस हायेत. अजून काय त्रास बी नाय. पाळीचं काय ते बाई आधीच सांगतील तिला, म्हणून आणली. जे हाय ते लिहा."

पुंजारामने तंबाखूची डबी काढली आणि तिच्यातच बघत बसला. दारात लंकाबाई उभ्या होत्या. एरवी तोंडाचा पट्टा चालू असणारी ही बाई, पदराने डोळे पुसत होती.

मी लिहिलं, 'पाळी'. नोकरीच्या अकरा वर्षांत पहिल्यांदा.