दोन्हीकडचे

कोर्टात जाण्याआधी वकीलसाहेब घरी एकदा हरून घ्यायचे. ही त्यांची वकिलीतल्या उमेदवारीच्या काळातली खोड. खिडकीशी शिलाई मशीनवर मोठी बहीण बसलेली असायची. ती विरुद्ध पक्ष.

"बोल, तुझा अशील खोटं का बोलतोय?" दातांत टाचणी धरून ताई विचारायची. आधी तिच्यापुढे हरायचं, मग उत्तर शोधायचं; तिला गप्प केल्याशिवाय काळा कोट अंगावर चढत नसे. म्हणूनच न्यायाधीशांपुढे ते आधी समोरच्याची बाजू मांडत, त्याच्या वकिलालाही जमणार नाही इतकी नीट. मग एकेक टाका उसवत. नाव झालं, लोकांनी निवडून दिलं, आणि पहिल्याच भाषणात साहेब तोंडघशी पडले. विरोधकांचं म्हणणं असं काही रंगवलं, की त्यांनीच बाकं वाजवली. "आता माझं म्हणणं..." असं म्हणेपर्यंत अध्यक्षांची घंटा. वेळ संपली! कोर्टात घंटा नसते. ही मेली सभागृहातली. त्या दिवसापासून साहेबांना नाव पडलं, 'दोन्हीकडचे'.

"आधी स्वतःचं बोलायला शीक," ताई म्हणाली.

"मग समोरच्याचं राहूनच जातं गं."

"त्यालाच राजकारण म्हणत असतील."

शिकले. इतके पक्के शिकले, की पक्षाने सभागृहातलं नेतेपद त्यांच्या गळ्यात घातलं. पहिल्या रांगेतली खुर्ची, दाराशी गाडी, फोनला उसंत नाही. ताईसमोर हरायला सवड कुणाला होती?

मग ते विधेयक आलं. भाडेकरूला नोटीस दिली की घर रिकामं. कोर्टात सुनावणी नाही. विधेयक पक्षाचंच, तेव्हा मांडायचं साहेबांनी. सकाळी प्रतोद घरी हजर. पक्षाची मतं एकगठ्ठा ठेवणं हे त्याचं काम.

"चार वाक्यं बोला, साहेब, आणि बसा. आज इकडचं तिकडं झालं तर खुर्ची गेली. वरचा निरोप आहे."

साहेब कोट चढवू लागले, तर बटण लोंबतंय.

"काढ तो. अंगावर नाही शिवत मी," ताईने कोट ओढून घेतला. सुई ओवता ओवता म्हणाली, "बोल. भाडेकरू मी. माझं ऐकून का घ्यायचं नाही?"

प्रतोदाने घड्याळाकडे पाहिलं. साहेब हसले. "खटले रेंगाळतात, ताई. घरमालक नाडले जातात."

"मग न्यायाधीश वाढव. माझं तोंड कशाला शिवतोस?"

साहेबांनी कोटासाठी हात पुढे केला.

"अहो ताई, हे घर आहे, कोर्ट नाही," प्रतोद वैतागला.

"घरच जाणार आहे ना माझं? म्हणून तर विचारतेय."

तिने दाताने दोरा तोडला, कोट पुढे धरला. उत्तर न देता, हरूनच तो घालायची साहेबांची ही पहिलीच वेळ. खांद्यात आवळल्यासारखा वाटला.

सभागृहात ते उठले. "अध्यक्ष महोदय, आधी भाडेकरूचं म्हणणं मांडतो."

"आले, दोन्हीकडचे आले!" समोरून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. प्रतोदाने कपाळाला हात लावला. साहेब बोलत राहिले. दारात ठेवलेलं सामान, शाळेतून परतलेली मुलं, आणि "माझं ऐका" म्हणायला एकही दरवाजा उघडा नाही. हशा कधी विरला ते कुणाला कळलंच नाही. साहेब खाली बसले.

अध्यक्ष गोंधळले. "सन्माननीय नेत्यांना अजून वेळ आहे. त्यांनी आपली बाजू मांडावी."

"मांडून झाली, महोदय."

दुपारी ते घरी आले ते रिक्षाने.

"विधेयक?" मशीन न थांबवता ताईने विचारलं.

"परत पाठवलं. समिती बसेल."

"आणि खुर्ची?"

"गेली."

मशीन थांबलं. ताईने स्टुलावरचे कपडे उचलले, टाचणी दातांत धरली. "बस. आता मी तुझा पक्ष. एवढं मोठं केलं तुला, आणि ऐन वेळी आमचा घात का केलास?"

साहेबांनी कोट काढून मांडीवर घेतला. सकाळी शिवलेलं बटण चाचपलं.

"याला जरा वेळ लागेल, ताई."

"लागू दे," ती म्हणाली. "इथं घंटा नाही."