अर्ध्या फुलाखालचं घर

इथे आखातात, मुशैरिबमधल्या आमच्या ऑफिसात बसून मी इंग्लंडमधलं एक घर वाचवत होतो. घर कसलं, मॅनर हाउस. म्हणजे एका खेड्यातल्या इनामदाराचं काही शतकांपूर्वीचं दगडी घर. मी ते कधी पाहिलं नाही. तिथून यंत्राने मोजून पाठवलेल्या असंख्य ठिपक्यांवरून मी कॉम्प्युटरवर त्याचं मॉडेल करायचो आणि लंडनच्या आर्किटेक्ट बाई ते तपासायच्या. "वाचवतो" हे मी सासऱ्यांना सांगायचो. ऑफिसातलं माझं खरं पद ड्राफ्ट्समनच्या किंचित वर.

सुरुवातीला मी इमानेइतबारे त्या घराच्या सगळ्या भिंती ओळंब्यात आणल्या. वाकडी भिंत काढली की साहेब झाडतो, त्यामुळे हाताला तीच सवय. बाईंनी ड्रॉइंग परत पाठवलं. भिंत जितकी कललीय तितकी कललेलीच दाखवायची, तुळई पोटात झुकलीय ती झुकलेलीच. त्या घराचा वाकडेपणासुद्धा कायद्याने जपलेला. मालकाला खिडकी बदलायची तरी परवानगी लागते. माळ्यावर वटवाघळं आहेत, त्यांनाही संरक्षण. पिल्लं लहान असताना तर तिथे कुणी हातोडीही वाजवायची नाही. हे ऐकून बायको म्हणाली, "पुढच्या जन्मी तिकडची वटवाघळंच होऊ या."

तिला तसं वाटायला कारण होतं. आम्ही अल गराफात व्हिलामध्ये राहतो, हे सांगलीत सगळ्यांना माहीत होतं. खोटं काहीच नव्हतं. त्या व्हिलात आणखी बरीच कुटुंबं आहेत आणि आमच्या वाट्याला मजलिसचा, म्हणजे पाहुण्यांच्या दिवाणखान्याचा, फक्त अर्धा भाग आलाय, एवढं सांगायचं राहून गेलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मधोमध जिप्सम बोर्डाचं पार्टिशन होतं. मूळ मालकाने हौसेने छताला प्लास्टरचं मोठं फूल करवलेलं, पार्टिशन बरोबर त्याच्या पोटातून गेलं होतं. अर्धं फूल आमच्या पलंगावर, अर्धं पलीकडच्या केरळी कुटुंबाच्या. पलीकडचे काका शिंकले की आमची मुलगी इकडून "ब्लेस यू" म्हणायची आणि तिकडून थँक्यू यायचं.

अख्खा फ्लॅट आम्हाला परवडणारा नव्हता. ही भिंत होती म्हणून बायको आणि मुलगी माझ्याजवळ होत्या. ती गेली की त्यांना सांगली आणि मला बॅचलरांची खोली, हे आम्हा दोघांना पाठ होतं. पार्टिशन बेकायदा आहे हेही पाठ होतं. खोल्या भाड्याने देणारा एजंट दरवेळी म्हणायचा, इन्शाल्ला, कुछ नहीं होगा. माणूस मोठा श्रद्धाळू, सगळी जबाबदारी वरच ढकलायचा.

अशात त्या मॅनर हाउसच्या दालनातही एक पार्टिशन निघालं. इनामदारीला उतरती कळा लागल्यावर घर शेतमजुरांना भाड्याने दिलेलं, तेव्हा कुणीतरी लाकडी पट्ट्या ठोकून, चुना फासून दालनाचे दोन तुकडे केले होते. तेही छताच्या नक्षीदार फुलाला मधोमध कापत गेलेलं. मी स्क्रीनकडे बघतच राहिलो. आताच्या मालकाला ते पाडून दालन पूर्वीसारखं मोठं करायचं होतं. तिथल्या संरक्षण अधिकाऱ्याने साफ नकार दिला, आणि बाईही त्याच मताच्या. ऑनलाइन मीटिंगमध्ये त्या म्हणाल्या, "इथे साधी माणसं राहिली. त्याचा एवढाच पुरावा उरलाय."

मी घरी येऊन हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. बायको म्हणाली, आपल्या भिंतीला अशी प्रतिष्ठा मिळायला अजून दीडदोनशे वर्षं आहेत, तोवर एजंटला धरून राहा.

तेवढी वर्षं काही मिळाली नाहीत. मुलीची वार्षिक परीक्षा सुरू असताना पालिकेचे लोक तपासणीला आले. चूक त्यांची नव्हती. आग लागली असती तर त्या सगळ्या कुटुंबांना बाहेर पडायला एकच दार होतं. ते नीट बोलले, मुदतही दिली. एजंटने मात्र फोनवर "खलास, यल्ला, खाली करो" एवढ्यात दोन भाषांमध्ये आमचा निरोप घेतला. पिल्लं लहान असल्याची सवलत आम्हाला लागू नव्हती. परीक्षा संपल्यावर मी दोघींना विमानतळावर सोडलं. मुलगी आत जाताना म्हणाली, "बट बाबा, अंकलला ब्लेस यू कोण म्हणणार?" मला रडू फुटलं. मी धुळीची अॅलर्जी असल्याचं सांगितलं आणि बायकोने ते मोठ्या मनाने मान्य केलं.

उरलेलं सामान आणायला गेलो तेव्हा दोन कामगार भिंत काढत होते. स्क्रू सुटत होते, बोर्ड बाजूला पडत होते. अर्ध्या तासात सगळं मोकळं झालं. पलीकडचे काका आणि मी समोरासमोर उभे राहिलो. इतके दिवस एकमेकांचा खोकला ओळखायचो, पण समोरच्याची खोली पहिल्यांदाच बघत होतो. वर छताला अख्खं फूल होतं, मधून भोकांची एक रेघ. काका मान वर करून म्हणाले, "फूल तो अच्छा था."

पुढच्या मीटिंगला मॅनर हाउसचे मालक स्वतः आले. त्यांनी आशा सोडली नव्हती. समजा, उद्या परवानगी मिळाली, तर ते पार्टिशन काढायला किती वेळ लागेल, असं त्यांनी विचारलं. मोजमाप माझ्याकडे, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला.

"अर्धा तास," मी म्हणालो. "पण पलीकडच्या माणसांनी जायचं कुठे?"

मग बाईंनी मला अगदी समजुतीने सांगितलं की तिथे आता कुणीच राहत नाही.