वरचा दात, मामाला जड

मला सेहेचाळिसाव्या वर्षी दात आला. हसा, हसून घ्या. हिंदमाताला ज्या साडीच्या दुकानात मी काउंटरला उभी असते, तिथले सगळे हसून झालेत, शेठसकट.

झालं असं, की वरचा एक सुळा हलायला लागला. भोईवाड्यातल्या आमच्या दातांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "हा दुधाचा दात आहे, माहीत होतं तुम्हाला?" मी म्हटलं, "डॉक्टर, चष्मा बदला." पण ते खरं निघालं. चकलीपासून मटणाच्या नळीपर्यंत सगळं मी ज्याच्यावर फोडलं, तो दात दुधाचा होता, आणि त्याच्या जागी यायचा तो खरा सुळा वर कुठेतरी राहून गेला होता. त्यांनी मला दादरला दात सरळ करणाऱ्या एका डॉक्टरणीकडे पाठवलं.

ही डॉक्टरीण वयाने पोर, पण कामाला पक्की. तिच्याकडे हनुवटी टेकवून उभं राहायचं, एक यंत्र आपल्या डोक्याभोवती फेरी मारतं आणि मग पडद्यावर आपलीच कवटी दिसते. तिने ती माऊसने गरागरा फिरवली, वरून दाखवली, खालून दाखवली, आणि टाळूत आडवा पडलेला एक दात हिरवा करून दाखवला. "हा तुमचा सुळा. मस्त झोपलाय." हिरडी उघडून त्याला एक बटण चिकटवायचं, बटणाला सोन्याची बारीक साखळी, हाडात तात्पुरता इवलासा स्क्रू, आणि दातांवर तारा लावून त्या आधाराने सुळा हळूहळू खाली ओढायचा. "फक्त एक आहे," ती म्हणाली, "या वयात दात हाडाला चिकटून बसलेला असू शकतो. मग तो हलणारच नाही."

मी म्हटलं, "आमच्या घराण्यात हल म्हटल्यावर कोण हलतं?"

घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. लग्न मी केलं नाही. का ते विचारू नका, वेगळं प्रकरण आहे. आईने सगळं ऐकून घेतलं. आधी सोन्यावर अडली. "गळ्यात घालूक सांगलंय तर घालूक नाय, नि आता तोंडात साखळी?" मग एकदम आवाज बदलला. "वरचो काय खालचो?"

"वरचा."

आई मटकन खाली बसली. "मामाक जड!"

आमच्यात म्हणतात, बाळाला वरचे दात आधी आले की ते मामाला जड जातात. त्याला उतारा एकच. मामाने चांदीच्या वाटीतून भाच्याला दूधभात भरवायचा आणि चमचा नव्या दातावर टक् वाजला पाहिजे. मी कपाळावर हात मारला. "अगं आई, ते तान्ह्या बाळांचं! मला अख्खी बत्तिशी आहे."

"बत्तिशी खय? एक दुधाचो होतो ना? म्हणजे तुजा बाळपण अर्धाच रवला."

आमच्या भोईवाड्यात कोर्ट आहे. तिथे एवढे वकील काळे कोट घालून फिरतात, पण आईसमोर एकाची डाळ शिजायची नाही. तिच्याकडे पुरावाही होता. तान्ही असताना माझे वरचेच दात आधी आले होते. घरात चांदीची वाटी नव्हती म्हणून दूधभात राहिला, आणि त्याच वर्षी मामा दहीहंडीत वरच्या थरावरून पडून पाय मोडून घेऊन आला. मामाचं म्हणणं, खालचा पोरगा शिंकला. पण मामाला विचारतो कोण?

या मामाबद्दल सांगायला हवं. माझे वडील गेले तेव्हा मी बालवाडीत होते. मामा गिरणीत लागलेला, लालबागला एकच खोली. त्याने आम्हा दोघींना तिथे आणलं आणि स्वतः बाहेर गॅलरीत झोपायला लागला. शाळेत पालकांना बोलावलं की गिरणीतून थेट तो यायचा, केसांत कापूस तसाच. बाप म्हणजे काय असतं, ते मला मामामुळे माहीत आहे. त्याला मी जडबिड सांगितलं तेव्हा तो गडगडाटी हसला. "येवंदे गो दात! मी काय आता हंडीवर चढतंय?"

दुधाचा दात काढला तेव्हा आईने तो मागून घेतला. दुधाचा दात कौलावर टाकायचा असतो. भोईवाड्यातली आमची चाळ पाडून टॉवर झाला, आता कौल कुठून आणायचं? तिने वॉचमनच्या केबिनच्या पत्र्यावर नेम धरून भिरकावला. टण्ण वाजलं, वॉचमन बाहेर धावत आला, आणि आई साळसूदपणे आकाशाकडे बघत उभी राहिली.

सुळा हाडाला चिकटलेला नव्हता. दर खेपेला डॉक्टरीण पेनासारखी एक कांडी माझ्या तोंडात फिरवायची आणि पडद्यावर साखळीची जुनी जागा एका रंगात, नवी जागा दुसऱ्या रंगात दाखवायची. स्वारी निघाली होती. मला तर चेव चढला. गिऱ्हाइकांना पैठणी दाखवता दाखवता मी सुळा कुठवर आला ते सांगायचे.

आणि मग मामाला जिना चढताना धाप लागायला लागली. तपासण्या झाल्या. बायपास करायची ठरली, परळच्याच हॉस्पिटलात तारीख मिळाली. त्याच आठवड्यात डॉक्टरणीने मला शाबासकी दिली. "अगदी हिरडीखाली आलाय. आता कधीही बाहेर दिसेल."

आई दुसऱ्या दिवशी पदर खोचून माझ्याबरोबर दादरला हजर. डॉक्टरणीने कौतुकाने तिला सगळं पडद्यावर दाखवलं. आईने नीट बघितलं, मान डोलावली आणि विचारलं, "छान झाला. आता ह्यो मागे घेवक येयत?"

डॉक्टरणीने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. अशी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. पण पोरगी गुणाची. आईने भावाचं सांगितलं तेव्हा ती हसली नाही. "आजी, मागे नाही नेता येणार. पण ओढायचं थांबवते." आणि तिने साखळी खरंच सैल केली. घरी येताना मी आईला वाटेल तसं बोलले. शिकली नाहीस, सुधारली नाहीस, माझं हसं केलंस. आई एकच वाक्य बोलली, "माका भाव एकच आसा."

मामाला ॲडमिट केलं त्या सकाळी मी चूळ भरली आणि जिभेला काहीतरी टोचलं. आरशात पाहिलं. हिरडीतून पांढरं टोक बाहेर.

आता सांगते ते खरं सांगते. मी ते टोक बोटाने वर ढकलून पाहिलं. मी! आईला आदल्याच आठवड्यात अडाणी म्हणणारी मी. बाथरूमचं दार लावून मी डॉक्टरणीला फोन केला आणि कुजबुजत विचारलं, "मॅडम, काहीच करून तो मागे नाही का जाणार?"

ती म्हणाली, "तुम्हीपण?"

मग मी तोंड मिटलं ते मिटलंच. दिवसभर बोलणारी बाई मी. झोपेतसुद्धा बोलते असं आई सांगते. त्या दिवशी हूं आणि उंहूं. चहा दात न दाखवता प्यायले. आईने जन्मभर मला "तोंड मीट" म्हणून बजावलं, आणि आज मिटलंय तर टक लावून बघत होती. विचारलं मात्र काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाचं ऑपरेशन. निघताना आईने माझ्या हातात एक डबा दिला. मी मानेनेच विचारलं, उपाशी माणसाला डबा कशाला? "घे गपचीप," ती म्हणाली. हॉस्पिटलात पोचल्यावर ती खाली कागदांवर सह्या करत थांबली आणि मला वर पाठवलं.

मामा हिरव्या गाऊनमध्ये बसला होता. छातीवरचे केस काढलेले, हाताला सुई. एवढासा दिसत होता. मी त्याचा हात धरला आणि काही बोलले नाही.

"काय गो? मेलंय काय मी आधीच? बोल की."

मी मान हलवली.

"आ कर."

मी मानेनेच नको म्हटलं, तर त्याने माझी हनुवटी धरली, लहानपणी गोळी गिळली का बघायला धरायचा तशी. मी आ केला. मामाने बघितलं, डोळे बारीक करून पुन्हा बघितलं. "इलो मगे," तो म्हणाला. मला हुंदकाच फुटला. "मामा, मी थांबवत होते रे, थांबला नाही!"

मामाने उशीखाली हात घातला आणि एक पुडकं काढलं. आत चांदीची वाटी. नवी कोरी, चमच्यासकट. जडबिड ऐकून गडगडाटी हसणारा हा माणूस ऑपरेशनला येताना चांदीची वाटी घेऊन आला होता. "मीय भियालंय गो," तो म्हणाला. "पण दूधभात हय खय गावतलो?"

तेव्हा मला हातातला डबा आठवला. झाकण उघडलं. मऊ, गुरगुट्या दूधभात. वर चिमूटभर साखर.

म्हणजे आईला कळलं होतं. माझं मिटलेलं तोंड बघूनच कळलं होतं.

मामाने वाटीत भात घेतला. मी पलंगाशी वाकले, तोंडभर तारा आणि साखळी घेऊन आ केला, आणि त्याने चमचा आत घातला. टक्. "ऐकलंय," मामा म्हणाला. तेवढ्यात सिस्टर आत आली आणि ओरडली, "पेशंटने काय खाल्लं?" माझं तोंड भरलेलं, म्हणून मी दोन्ही हातांची बोटं स्वतःकडे दाखवली.

ऑपरेशन चाललं तोवर आई आणि मी बाकावर बसून होतो. तिने एकदाच विचारलं, "वाजलो?" मी म्हटलं, "वाजला." मग ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली.

दुसऱ्या दिवशी आयसीयूत एकेकाला सोडत होते. आई जाऊन आली, मग मी. मामाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोलायला मनाई. डोळे अर्धे उघडे. त्याने मला ओळखलं की नाही, कळेना. मी वाकले आणि आ केला.

मामाने बोट उचललं. त्या बोटाला ते नाडी मोजायचं चिमट्यासारखं यंत्र लावलेलं होतं. पलंगाच्या लोखंडी दांड्यावर त्याने ते एकदा आपटलं.

टक्.