रोहण्यात वितळलेला बर्फ

रोहणा गावच्या तानबाने दुकानावर पाटी लावली होती : सर्व प्रकारची इंजिनं दुरुस्त होतील. सर्व म्हणजे फवारणीचे पंप, मोटारसायकली, फार तर लग्नातला जनरेटर. पण डिसेंबरातल्या एका धुकट सकाळी महादेवरावांच्या सोयाबीन काढलेल्या वावरात दोन माणसांचं इवलंसं विमान उतरलं. इंजिन आभाळातच धापा टाकत बसलं होतं. वर्षाली नावाच्या शिकाऊ वैमानिक पोरीने ते एकटीने धड खाली आणलं. बायांनी विमानाला हळदकुंकू लावलं, नारळ फुटला आणि मग सगळ्यांना तानबा आठवला.

"तानबा, आज तुही पाटी राह्यते का उतरते, पाहू!" महादेवराव म्हणाले.

"घरचा मिक्सर दिवाळीपासून बंद हाय," त्याची बायको अनुसयाबाई बायांना सांगू लागली, "अन् हे चालले विमान उघडाले."

तानबाने काहीच उघडलं नाही. त्याने वर्षालीला इंजिन चालू करायला सांगितलं. ते पहिल्याच झटक्यात सुरू झालं, दुधाच्या धारेसारखं सरळ.

"म्हंजे बिघाड नव्हताच," महादेवराव हसले. "पोरगी भ्याली."

वर्षालीचे डोळे भरले. "काका, खरंच बंद पडत होतं हो."

"बिघाड होता," तानबा सावकाश म्हणाला. "वितळला."

लोक खो खो हसले. तानबाने महादेवरावांच्या तळहातावर पेट्रोलचे चार थेंब टाकले. "फुंका."

"गार लागते बा!"

"पेट्रोल हवेत मिसळते त्या कार्बोरेटरात असंच होते. पेट्रोल उडते, गारवा धरते, अन् धुक्यातलं पाणी तिथं गोठते. इंजिनाचा गळा दाबते. खाली उतरल्यावर इंजिनाच्या उबेनं गेलं पाणी होऊन." नदीकाठच्या पाणी उपसायच्या पेट्रोल इंजिनावर असा पांढरा थर त्याने हिवाळ्यात कितीदा बोटाने खरवडला होता. मग तो वर्षालीकडे वळला. "पोरी, गरम हवा सोडाची दांडी नाई का याले?"

"आहे. ओढली होती. पण इंजिन जास्तच खोकायला लागलं, म्हणून घाबरून परत ढकलली."

"मंग पुन्हा गोठवून पाहू," म्हणत तानबाने चाकांना दगड लावले, गर्दी शेजारच्या तुरीच्या पलीकडे हाकलली आणि तो तिच्या शेजारी जाऊन ताठ बसला. तिने इंजिन हळू चालू ठेवलं. धुकं पंख्यातून जात राहिलं. दहा मिनिटांनी आवाज खचला, घरघर लागली.

"ओढ!"

तिने दांडी ओढली. विमान असं थरथरलं, जसं आता जीवच सोडतं. तिचा हात परत ढकलायला निघाला.

"नोको! बर्फाचं पाणी पिऊन राह्यलं ते. ठसका निघू दे."

इंजिन खोकलं, थांबलंसं झालं, पुन्हा खोकलं. तुरीपलीकडे माणसं टाचा उंचावून पाहू लागली. आणि मग आवाज मोकळा झाला, भरून वाहिला, आणि पंख्याचा वारा महादेवरावांची टोपी उडवून घेऊन गेला.

लोक टाळ्या पिटत धावले. वर्षालीने इंजिन बंद करून तानबाचे पाय धरले. "काका, वर आभाळात तुम्ही पाहिजे होतात."

तानबाने ऐटीत मान हलवली, तो चार पावलं चालला आणि त्याने ढेकळांवर बसकण मारली.

"काऊन बसले?" अनुसयाबाईने पाण्याचा गडवा पुढे केला.

"हळू बोल," तो पुटपुटला. "दहाव्या खोकल्यापर्यंत मले बी भरोसा नव्हता."