हुक आणि शेवंतीची चौकट

माझ्या धाकट्या जावेचं हळदीचं गाणं तुम्ही तिकडे फोनवर ऐकता, असं तुमची आई म्हणाली. त्याची प्रसिद्धी मी केली. कशी केली ते क्रमाने सांगते, कारण इथे ते प्रत्येक जण वेगळं सांगतो.

तुमची ही चुलत आजी पाटसजवळ राहते. हळदीची गाणी स्वतः रचते. पण डीजे आल्यापासून तिला फक्त हळद लावायला बोलावतात. तिने तोंड उघडलं की डीजे सुरू. एखाद्या घराने गाण्यासाठी म्हणून बोलवावं, एवढंच तिचं मागणं. तुमच्या बाबांनी गेल्या खेपेला तिचं एक गाणं रेकॉर्ड केलं होतं. ते लोकांपर्यंत पोचवायचं काम मी अंगावर घेतलं. मला इंग्रजी येतं, आणि शिरूरला दुपारी वेळच वेळ असतो.

गाण्याच्या मार्केटिंगचे इंग्रजी धडे मी फोनवर पहिल्यापासून नीट बघितले आणि तिला समजावायला गेले. गाण्याला सुरुवातीलाच हुक पाहिजे, म्हटलं.

"ब्लाउजला असतं तसं?"

"तसंच. ऐकणारा अडकला पाहिजे."

"आन् ऐन वक्ताला निघालं म्हंजी?"

मी धडा पुढे सरकवला.

पुढचा धडा पोस्टरचा. गर्दीत उठून दिसेल असं करा, असं त्यात होतं. आपल्याकडच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर सगळे रंग एकदम असतात, म्हणून मी तिचा फोटो काळा-पांढरा केला. भोवती शेवंतीची चौकट. खाली तिचं पूर्ण नाव, त्याखाली ‘हा आवाज सदैव आपल्या सोबत राहील’, आणि शेवटी गाणं ग्रुपवर यायची वेळ, ‘शनिवारी सकाळी दहा वाजता’. ‘गाणं’ हा शब्द कुठेच नव्हता, हे मला नंतर दाखवून देण्यात आलं. शुक्रवारी संध्याकाळी ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. लोकांनी भराभर जोडलेल्या हातांची चित्रं पाठवली. मला वाटलं, कौतुक.

शनिवारी तिच्या दारात पाबळच्या मामांची गाडी थांबली. ही अंगणात मिरच्या वाळत घालत होती. तिने "या मामा" म्हटल्यावर मामा टोपी हातात घेऊन ओट्यावर बसले. मागोमाग इतर मंडळी आली. दुखवट्याच्या भेटीत चहा घेत नाहीत. निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत, कारण असल्या कामाला पुन्हा यायचं नसतं. पण जिच्यासाठी आलो तीच चहा गाळते आहे म्हटल्यावर काय करावं, ते कोणालाच ठरवता येईना.

मग मला तिचा फोन आला.

"आक्का, मला घालवलीच व्हय तुम्ही?"

मी माफी मागितली. पोस्टर आत्ता काढते, रंगीत फोटो लावते, असं म्हणाले.

"दमा जरा. एवढी माणसं माझ्या दारात कवा आली व्हती? गाऊन घेते."

आणि ती गायली. मिरच्या बाजूला सारून चटया टाकल्या गेल्या. मामांनी चहा दोनदा घेतला, आणि निघताना सगळ्यांना ऐकू जाईल असं ‘येतो’ म्हणाले. जोडे घालता घालता थांबले.

"पोरी, आमच्या नातीच्या हळदीला गायला ये. डीजे जेवणानंतर लावू."

त्या हळदीला मीही पाबळला गेले. मांडवाच्या कडेला डीजेचे खोके छपरापर्यंत रचलेले. डीजेवाला बटणाशी बसूनच होता, आणि माझं सगळं लक्ष त्याच्या बोटाकडे. ‘आधी हळद जात्याला, मग माझ्या मैनेला’, तिने सुरुवात केली. दुसऱ्या खेपेला ती ओळ बायकांनीच उचलली. डीजेवाला उठून जेवायला गेला.

गाणं संपल्यावर ती हळदीच्या हातांनी माझ्याकडे आली आणि माझे दोन्ही गाल पिवळे केले.

"निघालं न्हाई वो आक्का, हुक."