दोन गावांचे नाते आणि तायडे सर

तायडे सर मला पहिल्यांदा दिसले ते शिडीवर. बोरखेडीच्या शाळेत सहायक शिक्षक म्हणून माझी नेमणूक झाली होती. अनसिंग स्टेशनावर उतरून, पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन मी चालत आलो, तर शाळेच्या छपरावर कवेलू फेरण्याचे काम चालले होते. शिडीवर धोतर खोचलेले एक गृहस्थ उभे होते. मी त्यांना मजूर समजलो आणि विचारले, "हेडमास्तर कुठं भेटतीन?"

"खाली उतरल्यावर भेटतीन," ते म्हणाले. "तवर ते चार कवेलू वर द्या."

मी दिवस मावळेपर्यंत कवेलू देत राहिलो. त्याला आता वीस वर्षे होतील. सर साठीचे होत आहेत, मी पन्नाशीला टेकलो आहे, आणि आमचा रिवाज अजून तोच आहे. ते वर चढतात, मी खालून काहीबाही देत राहतो. हल्ली दोघांनाही दम लागतो.

सुखदेवराव तायडे सरांचे घराणे छप्पननंतर बौद्ध झालेले. मी कुणब्याचा मुलगा, मंगळवार धरणारा. शाळेत पाण्याचा एकच माठ होता आणि तो सर स्वतः भरीत. मी मात्र घरून तांब्या भरून नेत असे. हे लिहिताना हात जड होतो, पण हा लेख सरांच्या गौरवग्रंथासाठी आहे म्हणून आपले बरे तेवढेच लिहावे, हे सरांना आवडायचे नाही. तांब्या त्यांना रोज दिसत होता. त्यांनी विषय काढला नाही. एका पावसाळ्यात मला हिवताप भरला आणि मी फळ्यासमोरच खाली बसलो. सरांनी मला सायकलवर मागे बसवले, पडू नये म्हणून दुपट्ट्याने आपल्या कमरेशी बांधले आणि चिखलातून वाशीमच्या दवाखान्यात नेले. वाटेत मी पाणी मागितले. त्यांनी सायकल थांबवली, बाटली काढली आणि म्हणाले, "माझ्या घरचं आहे. पाहा बापा."

मी प्यालो. बरा होऊन परत आलो तेव्हा तांब्या घरीच ठेवला. माठाशेजारी एक पेला जास्तीचा दिसला, एवढेच.

आता ज्या कामामुळे सरांचे नाव पंचक्रोशीत झाले, त्याकडे वळतो. बोरखेडीहून सावळी दीड कोस. आमच्याकडे सातवीपर्यंत शाळा, त्यांच्याकडे चौथीपर्यंत. त्यांच्याकडे बारमाही विहीर, आमच्या विहिरी होळीलाच तळ दाखवणाऱ्या. तरी दोन्ही गावांचे एकमेकांशी काही नव्हते. बैल शिवेपलीकडे गेला की भांडण, एवढाच संबंध.

त्या काळी शाळेला अमेरिकेहून एक गुळगुळीत कागदाचे मासिक फुकट येत असे. मुलांना ते वह्यांच्या कव्हरासाठी हवे असायचे. सर आधी वाचून काढीत, मगच पाने वाटीत. इंग्रजी त्यांनी कंदिलापाशी बसून स्वतःच शिकलेले. एका अंकात एक फोटो होता. अमेरिकेतल्या एका बंदराचे नगराध्यक्ष आणि ग्रीस देशातल्या एका बंदराचे नगराध्यक्ष हातात हात घालून उभे, मध्ये टेबलावर जहाजावरची पितळी घंटा. मजकूर असा की या दोन शहरांनी एकमेकींना बहिणी मानले आहे. एकीने घंटा पाठवली, दुसरीने झाडांची रोपे. मुले एकमेकांना पत्रे लिहितात, अडचण आली तर मदत पाठवतात.

सरांनी ते पान कव्हराला दिले नाही. मधल्या सुट्टीत मला दाखवून म्हणाले, "मधात अख्खा समुद्र आहे, मास्तर. तरी बहिणी झाल्या. अन आपल्याले दीड कोसावरचं गाव परकं."

"बहिणीच काहून?" मी विचारले.

"दोघी सारख्या असतात म्हणून. वरची कोणती, खालची कोणती, हे विचारावं लागत नाही."

त्यानंतर बहात्तरचा दुष्काळ आला आणि जे सरांच्या मनात होते ते गरजेचेही झाले. सर सावळीला गेले, पोलीस पाटील किसनरावांच्या ओट्यावर बसले. किसनराव म्हणाले, "मास्तर, आज गाव बहीन म्हनता, उद्या म्हनसान बैल बी मेव्हणा हाये." पण त्यांच्या गावची मुले चौथीनंतर ढोरे राखत होती, हेही त्यांना दिसत होते. ठरले. सावळीची मुले आमच्या शाळेत येणार आणि दुपारची भाकर आमच्या घरांतून खाणार. आमची माणसे आणि ढोरे त्यांच्या विहिरीवर पाणी पिणार, सगळ्या जातींची माणसे एकाच दोराने पाणी ओढणार. ही शेवटची अट सरांची होती, आणि त्यांनी ती सगळ्यात हळू आवाजात सांगितली.

घंटेऐवजी सरांनी अनसिंगहून भंगारातला रुळाचा एक तुकडा विकत आणला. शेलूबाजारच्या लोहाराने दोन दिवस करवत चालवून त्याचे दोन तुकडे केले. करवत थोडी सरकली आणि एक तुकडा लांब झाला. लांब सरांनी सावळीला दिला. म्हणून त्यांच्या शाळेची घंटा अजून जाड आवाजात वाजते आणि आमची बारीक. शिवेवर एक पाटी लागली: बोरखेडी आणि सावळी, बहिणी-गावे. अक्षर सरांचेच. ही हकिकत त्यांनी त्या दोन्ही बंदरांनाही पत्राने कळवली. अमेरिकेहून एक रंगीत कार्ड आले. ग्रीसहून बरेच दिवस काही आले नाही.

येथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. सरांना फक्त दोन्ही गावच्या माणसांनी हातात हात घ्यावा, एवढेच हवे होते. मला ते कोरडे वाटले. शिवेवर देवीचे ठाणे आहे. तिच्यापुढे झाल्याशिवाय नाते पक्के होत नाही, असे मी सगळ्यांना पटवले, नारळ मीच फोडला आणि दोन्ही गावच्या बायकांना एकमेकींच्या ओट्या भरायला लावल्या. सर तेवढा वेळ कडुलिंबाखाली उभे होते. मला माझ्या भक्तीचे समाधान वाटले.

दोन वर्षे विहीर चालली, शाळा चालली. मग माझ्या मुलीचे, शकुंतलेचे लग्न सावळीच्या उत्तमशी जमले. मुलगा शेलूबाजारला जीप चालवी, घर चांगले. सुपारी फोडायला सगळे बसले आणि किसनराव म्हणाले, "थांबा. हे दोन गावं बहिनी. बहिनीबहिनीचे लेकरं मावसभावंडं. लगन कसं लागन?"

कोणी हसले नाही, कारण ते खरे होते. नुसती पाटी असती तर पुसता आली असती. देवीपुढे भरलेली ओटी कशी पुसणार? सुपारी तशीच ताटात राहिली. शकुंतलेची याआधी दोन स्थळे फिरली होती. सुपारीच्या दिवशी स्थळ परत गेलेल्या मुलीबद्दल लोक काय बोलतात, ते मी लिहीत नाही. त्या दिवशी ती मला एवढेच म्हणाली, "बाबा, नारळ तुमीच फोडला होता नं?"

मी सरांकडे गेलो. ते मला म्हणू शकले असते की 'मी हातात हात घ्या म्हटले होते, देवी तुम्ही आणली.' आजपर्यंत ते असे म्हणालेले नाहीत. म्हणाले, "फुटला तो फुटला, मास्तर. आता काय होते ते पाहू."

त्या हिवाळ्यात शाळा सुटल्यावर सर सहा वेळा सावळीला चालत गेले. गुडघा तेव्हाच धरत होता. मी बरोबर असे, पण मुलीचा बाप म्हणून मला बोलता येत नसे. प्रत्येक वेळी चहा, तंबाखू, पिकाच्या गोष्टी, आणि शेवटी तेच. पाचव्या खेपेला किसनराव वैतागून म्हणाले, "तुमी तं देवी मानतच नाही, मास्तर. मंग तुमाले काय कराचं?"

"देवी नाही मानत," सर म्हणाले, "पोरीले मानतो."

सहाव्या खेपेला उत्तमची आत्या गिरजाबाई ओट्यावर सुपात तूर पाखडत बसली होती. तिने सूप खाली ठेवले आणि म्हणाली, "दोन्ही बहिनीच काहून करून ठेवल्या? एकीले भाऊ करा. भावाची पोरगी बहिनीच्या घरात सून म्हनून येतेच. माई सून माया भावाचीच हाये नं?"

किसनरावांनी थोडा विचार केला. "हे जमते," ते म्हणाले. "बोरखेडी भाऊ, सावळी बहीन. देवीले बी चालन. पन मंग भाऊ थोरला झाला. दरसाल बहिनीले साडीचोळी त्यानं आनाची, अन बहिनीनं त्याच्या पाया पडाचं. नातं तुमी लावलं मास्तर, तुमीच बदला."

सगळे सरांकडे पाहू लागले. किसनराव काय मागत होते हे त्या ओट्यावर मला आणि सरांनाच कळत होते. वरचा आणि खालचा हे दोन शब्द ज्या माणसाने लहानपणापासून अंगावर झेलले, त्याने आयुष्यात एकदा दोन गावांना सारखे करून पाहिले होते. आता त्यातल्या एकाला थोरले त्यानेच म्हणायचे होते. सर उठून गोठ्याकडे गेले. बैलाच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. परत आले आणि म्हणाले, "जमते. सुपारी आणा."

परतताना मी म्हणालो, "सर, माझ्यापायी तुमचं काम मोडलं."

"पाटी मोडली," ते म्हणाले. "विहीर तं तिथंच आहे." दुसऱ्या दिवशी त्यांनी रंगाचा डबा नेऊन 'बहिणी-गावे' पुसले आणि 'भाऊ-बहीण गावे' लिहिले. त्या पाटीवरचे अक्षर पहिल्यासारखे आलेले नाही.

शकुंतलेचे लग्न झाले. पंगतीत सर पहिल्या रांगेत, किसनरावांच्या शेजारी बसले होते. वाढायला मी होतो.

लग्नानंतर दोन महिन्यांनी ग्रीसहून पत्र आले. त्यांना आनंद झाला होता. त्यांनी विचारले होते की आपली दोन गावे कोणत्या समुद्रावर आहेत आणि मध्ये किती अंतर आहे. आम्हीही बंदरेच असणार, असा त्यांचा समज झाला होता. सर बऱ्याच दिवसांनी मनमोकळे हसले. उत्तर त्यांनी मला वाचून दाखवले. आमच्याकडे समुद्र नाही, मध्ये दीड कोस काळी जमीन आहे, ये-जा चालू आहे, एवढेच लिहिले होते.

गोष्ट इथे संपली असती तर हा लेख मला सोपा गेला असता. पण सर निवृत्त होऊन दोन वर्षे झाली, तरी त्यांची सुटका नाही. मागच्या महिन्यात सत्कार समितीची माणसे आणि मी सत्काराचा दिवस विचारायला गेलो, तेव्हा सरांच्या ओट्यावर किसनराव बसलेले होते. त्यांच्या नातीला बोरखेडीचे स्थळ आले आहे. आता बहिणीची मुलगी भावाच्या घरी द्यायची, आणि आमच्याकडे आत्याची मुलगी सून करीत नाहीत. किसनरावांची मान खाली होती.

"आता कसं, मास्तर?"

"तुमीच सांगा, पाटील."

"मले सुचलं असतं तं गुडघे मोडत आलो असतो काय?"

सरांच्या चेहऱ्यावर मला फक्त थकवा दिसला. मग म्हणाले, "आता मैतर करू. मैतरात थोरला-धाकला नाही, अन कोनाचं लगन अडत नाही." किसनराव म्हणाले की ते ठीक, पण देवीला कोण सांगणार? सरांनी माझ्याकडे पाहिले. "नारळ ज्यानं फोडला, तोच सांगन."

तेव्हा येत्या मंगळवारी आम्ही शिवेवर जाणार आहोत. सर पूर्वीसारखेच कडुलिंबाखाली थांबतील. त्यांनी ठाण्यापाशी यावे असे मी म्हणणार नाही. मी देवीला सांगेन की तुझ्यापुढे मी जे नाते बांधले ते घाईने बांधले, ते सोडव. आणि तिथे उभा आहेच तर आणखी एक मागेन. सरांना पुष्कळ आयुष्य दे, असे मागताना मला संकोच वाटतो, कारण आम्ही त्यांना आणखी चालवणार आहोत, हे तिलाही माहीत आहे. म्हणून आधी गुडघ्याला आराम मागेन, मग वर्षे. सरांचा या मागण्यावर विश्वास नाही. तरी माझ्यासाठी तेवढे त्यांनी चालवून घ्यावे. ते होईपर्यंत मी रंगाचा डबा आणि कुंचला नेऊन ठेवतो. पाटी तिसऱ्यांदा लिहायची आहे, आणि अक्षर सरांचेच हवे.